जिन्याखालची तेविसावी खोली

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. माझी काही हरकत नाही. पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. तिने आयुष्यात कधी भुताखेतांची भीती बाळगली नाही. थापा मारायचा तर तिला आळसच. सव्वीस वर्षं इमारतींचे नकाशे काढणारी बाई. एक सेंटीमीटर चुकला तर जेवण न जाणारी.

वार मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीनची.

जागा, तिच्या ऑफिसचा तिसरा मजला. खिडकीजवळचं टेबल. बाहेर लख्ख ऊन.

त्या दिवसांत मावशीचं चित्त आधीच थाऱ्यावर नव्हतं. महिन्याभरापूर्वी ऑफिसच्या सरांनी, म्हणजे तिथल्या मुख्य आर्किटेक्टनी, फर्मान काढलं होतं. जुनं सॉफ्टवेअर बंद. आता सगळी कामं नव्यावर. शिकायला एक महिना. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी 'दुसरं काहीतरी बघू'. हे 'दुसरं काहीतरी' म्हणजे बाहेरचं फोन घ्यायचं टेबल, हे सगळ्यांना कळत होतं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मावशी डोळे मिटून काम करायची. तिथे सगळं लेअरवर असायचं. भिंती एका लेअरवर, दारं दुसऱ्या, फर्निचर तिसऱ्या. काचेसारखे पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. प्रत्येक लेअरपुढे एक छोटा दिवा. दिवा विझवला की तो कागद दिसेनासा. छापतानाही येत नसे. संपला विषय.

नव्यात लेअरच नव्हते.

तिथे भिंत ही खरीखुरी भिंत होती. तिला जाडी, उंची, वजन. ती एका चित्रात लपवली तरी दुसऱ्या चित्रात उभीच. दुसऱ्याच दिवशी मावशीकडून एक अख्खा जिना गायब झाला. तासभर शोधला. ऑफिसभर हसू झालं, ताईंचा जिना पळाला म्हणून.

शिकवायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, शांत. त्यांनी कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. ते दाबलं की लपवलेलं सगळं गुलाबी रंगात दिसायचं. जिना तिथेच होता.

त्या बाई तेव्हा एक वाक्य बोलल्या. मावशीने ते वहीत लिहून घेतलं.

"ताई, लपवलेली गोष्ट इथे जात नाही. ती फक्त दिसत नाही. मोजली जातेच."

तर त्या मंगळवारी…

मावशीला पहिलं काम मिळालं होतं ते एका जुन्या दुमजली इमारतीचं. पूर्वी तिथे छापखाना होता. मग बरीच वर्षं रिकामी. आता तिथे पाठ-गुडघ्यांचे व्यायाम शिकवणारं केंद्र होणार होतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच ऑफिसने तिथे थोडी तोडफोड करून दिली होती. त्या वेळचा नकाशा संगणकात होता. मावशीनेच काढलेला. तो तिने नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणला, खाली अंथरला, आणि त्यावर भिंती उभ्या केल्या.

चार दिवस लागले. काम सुरेख झालं होतं.

शेवटी खोल्यांचा तक्ता काढायचा होता. सॉफ्टवेअर तो आपोआप बनवतं. खोलीचा नंबर, नाव, क्षेत्रफळ, आणि आत किती माणसं असणार.

मावशीने बावीस खोल्या काढल्या होत्या.

तक्त्यात तेवीस होत्या.

तिने बोटाने मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेवीस.

शेवटच्या ओळीत नाव नव्हतं. क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. आणि माणसांच्या रकान्यात…

१.

बाकी सगळ्या ओळींत तो रकाना कोराच होता. तिने अजून भरलाच नव्हता. इमारत रिकामी होती.

मावशीने ते गुलाबी बटण दाबलं.

जिन्याखाली एक खोली उमटली. एवढीशी. तीन भिंती, एक दाराची चौकट, आणि दारातच आडवी घातलेली चौथी भिंत. म्हणजे आत जायला वाटच नाही.

आपण कुठेतरी चुकीचं बटण दाबलं असेल, असं तिला वाटलं. तिने ती खोली पुसली. तक्ता बावीसवर आला. मग ती चहा प्यायला गेली.

दहा मिनिटांनी परत आली…

तेवीस. माणसं, १.

खुर्चीवरची तिची शाल जशीच्या तशी होती. जागेवर कुणीही आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तसं सांगितलं.

मावशीने शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांनी समजावलं की घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या नकाशात विझवलेला एखादा लेअर असणार, तो सोबत आला. खालचा जुना नकाशा काढून टाका, खोली जाईल.

मावशीने जुना नकाशा काढून टाकला.

खोली गेली नाही.

आणि माणसांचं काय, असं तिने विचारलं. बाईंनी तो रकाना पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. मग म्हणाल्या, तो आकडा सॉफ्टवेअर स्वतःहून घालत नाही. कुणीतरी टाइप करावा लागतो.

फोन ठेवला. आणि तेव्हा तिला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला.

सर्र… सर्र…

थांबून थांबून. काहीतरी सपाट वस्तू ओल्या भिंतीवरून फिरवावी तसा.

मोठे नकाशे छापायचं यंत्र भिंतीपाशी होतं. तेच असेल, म्हणून ती उठली.

यंत्र बंद होतं. वायरही काढलेली.

ती परत बसली. आवाज टेबलातून येत होता… नाही. संगणकातूनही नाही. तिने स्पीकरचं बटण बघितलं, तेही बंद. शेजारच्या मुलीला विचारलं, तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी मावशीने कपाटातून जुन्या नकाशांची नळी काढली. एकोणीस वर्षांपूर्वीचे दोन कागद निघाले. एका कागदावर जिन्याखाली खोली होती. दुसऱ्यावर नव्हती. तिथे सरळ भिंत. दोन्हींच्या कोपऱ्यात तिचीच सही.

मग तिला आठवलं.

सरांनी तेव्हा सांगितलं होतं, ती जिन्याखालची अडगळ ओल धरते, बंद करून टाका. तिने काय केलं, तर त्या खोलीचा दिवा विझवला, नवा कागद छापला आणि कामावर पाठवून दिला. दोन मिनिटांचं काम. त्या कागदाबरहुकूम कुणीतरी तिथे भिंत घातली होती.

रात्रभर तिला डोळा लागला नाही.

बुधवारी सकाळी ती सरांकडे गेली. आकडा, आवाज, यातलं काहीच बोलली नाही. वेड्यात काढतील ही भीती. आणि 'हिला काही नवं सॉफ्टवेअर जमत नाही' असं म्हणायला आयतं निमित्त. तिने एवढंच सांगितलं की जिन्याखाली बंद जागा आहे, विजेचे बोर्ड बसवायला कामी येईल, फोडून बघू या. सरांना ते पटलं. उलट त्यांनी तिची पाठच थोपटली.

अकराच्या सुमाराला ती त्या इमारतीत पोचली. ठेकेदाराचा एक गवंडी आला होता, छिन्नी-हातोडा घेऊन. तरणाबांड, हसतमुख माणूस. त्याने भिंतीवर बोटं वाजवली. पोकळ आहे, म्हणाला.

मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीला धरून उभी होती.

आणि भिंतीपलीकडून…

सर्र… सर्र…

या वेळी गवंड्यानेही ऐकलं. त्याने मावशीकडे बघितलं. मावशीने त्याच्याकडे. घूस असेल, असं तो पुटपुटला. पण त्याचा हात लगेच उचलला गेला नाही.

पहिला घाव पडला.

आवाज थांबला.

चौथ्या घावाला वीट आत पडली. भोकातून वारा आला. मावशी सांगते, तिला कुबट वास येईल असं वाटलं होतं. पण वास आला तो ताज्या सिमेंटचा. आत्ता कालवलेल्या.

गवंड्याने भोक मोठं केलं. बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. हाड नाही, कपडा नाही, काही नाही. जमिनीवर फक्त एक थापी पडलेली. गिलावा करायची, लाकडी मुठीची.

मावशीने सुटकेचा श्वास सोडला.

गवंडी मात्र भोकात खांद्यापर्यंत हात घालून भिंतीची आतली बाजू चाचपत होता. त्याने हात बाहेर काढला. बोटांकडे बघत राहिला.

बोटं ओली होती.

"बाई," तो म्हणाला, "या भिंतीला आतूनही गिलावा आहे. अगदी कोपऱ्यापर्यंत. काच केलीय नुसती."

मग काय झालं, असं मावशीने विचारलं. तिला कळलंच नव्हतं.

"भिंत बाहेरून बंद केलीय ना? मग आतून हे करणारा बाहेर कुठून आला?"

उरलेली भिंत त्याने दुसऱ्या माणसाला बोलावून फोडली. एकट्याने हात लावला नाही.

दुपारी ऑफिसात येऊन मावशीने तक्ता उघडला. खोल्या तेवीस. शेवटच्या ओळीत माणसांचा रकाना…

कोरा.

कोण निघून गेलं होतं? आणि कुठे?

हा प्रश्न काही तिला स्वस्थ बसू देईना. जेवणात लक्ष नाही, कामात लक्ष नाही. शेवटी शनिवारी तिने जुन्या ठेकेदाराकडून ती भिंत घालणाऱ्या मिस्त्रींचा पत्ता काढला. मिस्त्री आता थकले होते. लेकीकडे राहायचे. गुडघे गेलेले, पण डोकं साफ.

छापखान्याचं नाव काढताच त्यांनी लेकीला बाहेर जायला सांगितलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचा एक जोडीदार होता, गिलाव्यात हात धरणारा कुणी नाही असा. अखंड बडबडायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्या दिवशी दोघंच कामावर होते. ओल येते म्हणून खोली बंद करण्याआधी आतून गिलावा करायचा होता. रेडिओ आत काम करत होता, मिस्त्री बाहेरून दारात विटा रचत होते. रेडिओच्या गप्पा चालूच. मिस्त्री एकेक थर चढवत गेले, तो आतून लिंपत गेला. दोघांचेही हात आपल्या नादात.

शेवटची एक वीट उरली. तेवढ्याच भोकातून रेडिओचा आवाज येत होता. मिस्त्रींनी विचारलं, अरे, तू बाहेर येणार कसा?

"आतून तो म्हणाला, लाव तू. येतोच मी." मिस्त्री खाली बघत म्हणाले. "आणि मी लावली. बाई, कशी लावली ते मला आजही सांगता येत नाही. हात चालला होता, एवढंच."

वीट बसली. मिस्त्री भानावर आले. वळून बघतात तर अंगणातल्या नळावर…

रेडिओ हात धूत उभा होता.

मावशीने विचारलं, तुम्ही वीट काढून आत बघितलं नाही?

"माणूस डोळ्यांसमोर उभा असताना वीट कशाला काढू?"

पण त्या दिवसापासून रेडिओ बोलायचा थांबला. भांडण नाही, आजार नाही. विचारलं तर हो, नाही, एवढंच. काम मात्र चोख. अकरा वर्षं तो मिस्त्रींबरोबर राबला. लोक त्याला रेडिओच म्हणत राहिले. नव्या माणसांना ती थट्टा वाटायची.

मिस्त्रींकडून पत्ता घेऊन मावशी तिथूनच रेडिओच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, पहिल्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोने उघडलं. वयस्कर, बारीक अंगाची बाई. मावशीने आपण नकाशे काढतो असं सांगितलं आणि बुधवारचं नाव घेतलं. तशी तिने मावशीला हाताला धरून आत घेतलं.

बुधवारी अकराच्या पुढेमागे दार वाजलं होतं. तिने उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तिने दार लावलं, आणि मागे वळते तोच आतल्या खोलीत नवरा बोलायला लागला. एकोणीस वर्षांनी. भराभरा, हसत, पूर्वीसारखा. तिला आनंदाने रडूच आलं. ती आत धावली…

आतली खोली रिकामी होती.

नवरा बाहेरच्या खोलीत खाटेवर होता, धावताना तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून. तोंड घट्ट मिटलेलं.

तेव्हापासून आवाज आतून येतो, असं ती म्हणाली. दिवसा येतो, रात्री येतो. जुन्या जुन्या गोष्टी सांगतो. लग्नातल्या, पहिल्या घरातल्या. दोघांशिवाय कुणाला माहीत नसलेल्या. मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही, म्हणाली.

"इतकी वर्षं मला घरात एक माणूस कमी वाटायचा," ती हळूच म्हणाली. "ताई, आता एक जास्त वाटतो."

रेडिओ खाटेवर उठून बसला होता. काटकुळा म्हातारा, हात मात्र मोठे. मावशीला त्याने नीट न्याहाळलं. आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं.

"ती खोली पुन्हा बंद करता येईल का?"

मावशीला वाटलं, तो छापखान्याबद्दल विचारतोय. तिथली भिंत पार जमीनदोस्त झाली होती. विजेचे बोर्ड बसायला लागले होते. पण म्हाताऱ्याने छापखान्याकडे नाही, आपल्याच घरातल्या आतल्या दाराकडे बोट दाखवलं होतं.

आतून तेव्हा कुणीतरी मंद शीळ घालत होतं.

मावशीने तो नकाशा काढला. संगणकावर नाही. कागदावर, पेन्सिलीने. एक दार आणि त्यात एक भिंत. का काढला, असं मी तिला कितीदा विचारलंय. ती म्हणते, पहिल्यांदा दोन मिनिटांत काढला होता, या वेळी दोन तास लागले. घरमालकाची परवानगी तिनेच मिळवली.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. लेक नको म्हणत असताना, काठी टेकत. सकाळी नऊला पहिली वीट. तीन तास लागले. आतून बडबड चालूच होती. मध्येच हसणं. मध्येच मिस्त्रींना नावाने हाक. मिस्त्री मान खाली घालून विटा रचत राहिले.

शेवटच्या विटेआधी त्यांनी सगळ्यांना समोर उभं केलं. प्रत्येकाला हात लावून मोजलं. रेडिओ, त्याची बायको, मावशी, आणि चौथे ते स्वतः. दोनदा मोजलं. चौघं.

आतली बडबड थांबली.

मिस्त्रींनी वीट बसवली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज तेवढा ऐकू आला. बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. आणि मग रेडिओ हसला. मोकळं, मोठ्याने.

"झाली बुवा एकदाची," तो म्हणाला. "काय मिस्त्री, हात अजून तसाच आहे तुमचा. आणि गुडघ्यांना काय झालं? बसा, बसा. अगं, चहा टाक ना, पाहुणे आलेत. ताई, साखर चालते ना तुम्हाला?"

तो बोलत राहिला. थांबेचना.

बायकोने हळूहळू त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

मावशीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. जिना उतरताना मिस्त्री तिच्या पुढे होते. अर्ध्यावर ते थांबले. म्हणाले, बाई, मी चौघं मोजले. चौघंच होते. मग मागे न बघता उतरून गेले.

याला आता दोन वर्षं झाली. मावशी अजून त्याच टेबलावर काम करते. नवं सॉफ्टवेअर तिला उत्तम येतं. पण कुठल्याही इमारतीत भिंत घालून काही बंद करायचं असेल, तर ते काम ती दुसऱ्या कुणालातरी देते.

मागच्या महिन्यात रेडिओच्या बायकोचा तिला फोन आला होता. रडत नव्हती. अगदी शांत होती. नवरा ठीक आहे, म्हणाली. जेवतो, हिंडतो, दिवसभर बोलतो. शेजारपाजारची माणसं गप्पा मारायला येऊन बसतात.



"पण ताई, एकोणीस वर्षं मी ज्याच्याबरोबर काढली, तो बोलत नव्हता."



"रात्री सगळं निजलं की मी त्या भिंतीला कान लावते," ती म्हणाली. "आत कुणीतरी आहे. अगदी गप्प बसलेलं."